पडद्यावरचा आपला रंग कोण ठरवतो?

लग्नसराई संपली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर एक गोष्ट हमखास घडते. महिना-दोन महिने वाट पाहायला लावून शुटिंगवाला लग्नाची फिल्म आणून देतो. पूर्वी कॅसेट यायची, मग सीडी आली, आता पेनड्राइव्ह येतो. सगळे घर टीव्हीपुढे बसते. पडद्यावर नवरी येते आणि आजी विचारते, "ही कोन गं?" बघावे तर मुलगी गोरीपान झालेली! गाल गुलाबी, कपाळ गुळगुळीत, लहानपणी पडल्याची हनुवटीवरची खूणसुद्धा गेलेली. हात मात्र तेच, उन्हात रापलेले. चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्या रंगाचे, अशी ती मुलगी स्वतःच्याच लग्नात अनोळखी होऊन उभी असते.

आम्ही अशा फिल्मा पुष्कळ पाहिल्या आहेत. शुटिंगवाल्याला विचारले तर तो म्हणतो, "लोकांना असंच पाहिजे असतं." काही अंशी ते खरेही आहे. पण प्रश्न एका शुटिंगवाल्याचा नाही. चार-पाच लाखांच्या लग्नापासून चारशे कोटींच्या चित्रपटापर्यंत आज एकच पद्धत चालते. चित्र कॅमेऱ्यात टिपले जाते, पण त्याचे रूप ठरते ते नंतर, संगणकापुढे. कोणता चेहरा उजळायचा, कोणते रान हिरवे ठेवायचे, कोणते पिवळे करायचे, हे तिथे बसलेला माणूस ठरवतो. तो माणूस कोण आहे आणि आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा साधा प्रश्न नाही. म्हणून घरातल्या सर्वांनी, विशेषतः तरुण मुला-मुलींनी, ही पद्धत समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

रिळाचे दिवस

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला. त्या वेळी चित्रपट म्हणजे लांबच लांब फिल्मची पट्टी. फाळक्यांच्या घरी त्या पट्टीला कडेची भोके पाडण्याचे आणि रसायनात ती धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. घरचा स्वयंपाक उरकून अंधाऱ्या खोलीत बसणारी ही बाई आपल्या चित्रपटसृष्टीची पहिली तंत्रज्ञ म्हटली पाहिजे. तिचे नाव फार कमी ठिकाणी घेतले जाते. पडद्यामागे राबणाऱ्यांचे नाव पडद्यावर येत नाही, ही रीत तेव्हापासूनचीच.

त्या काळच्या फिल्मला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग तिला पांढरा दिसे आणि लाल-तांबूस रंग काळा. त्यामुळे आकाश पांढरे फटक येई आणि तांबूस-सावळी कातडी असेल त्याहून काळी उमटे. म्हणून नट तोंडाला रंगाचे थर फासून उभे राहत. म्हणजे चेहरा झाकल्याशिवाय पडद्यावर जाता येत नाही, ही सवय तंत्राच्या उणिवेतूनही लागली. पुढे सर्व रंग ओळखणारी फिल्म आली, पण तोंड रंगवण्याची सवय गेली नाही.

रंग पडद्यावर आणणे तर आणखी अवघड होते. प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत काढायचे ठरवले. व्ही. शांताराम रिळे घेऊन थेट जर्मनीला गेले, कारण रंगीत प्रती काढण्याची सोय तिथे होती. एवढा खटाटोप करूनही रंग मनासारखे उतरले नाहीत. रंग हा पैशाचा, यंत्राचा आणि परदेशी कारखान्याच्या मर्जीचा विषय होता.

आणि आपल्या बीडसारख्या जिल्ह्यात काय पोहोचत होते? अडीच तासांच्या चित्रपटाला साधारण साडेतेरा हजार फूट फिल्म लागे. एकेका प्रतीचा खर्च मोठा, म्हणून प्रती मोजक्याच काढल्या जात. मुंबई-पुण्यात आठवडेच्या आठवडे चालून झिजलेली प्रत मग जिल्ह्याला, तिथून तालुक्याच्या टॉकीजला आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत येई. तोपर्यंत फिल्मवर इतके ओरखडे पडलेले असत की कोरड्या ठणठणीत कथेतही पडद्यावर पाऊस लागलेला दिसे. मध्येच पट्टी तुटे, ऑपरेटर ती चिकटवी, चार वाक्ये गळून जात. आपल्या आई-वडिलांनी असेच चित्रपट पाहिले. शहरवाल्यांच्या वाट्याला नवे चित्र आणि आपल्या वाट्याला झिजलेले, हीसुद्धा एक उतरंडच होती.

ती उतरंड मोडायला संगणकाने मदत केली, हे मान्य केले पाहिजे. २००५ च्या सुमारास आपल्या देशात उपग्रहावरून चित्रपट टॉकीजला पाठवण्याची व्यवस्था सुरू झाली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत रिळांचे डबे दिसेनासे झाले. २९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला, तेव्हा जे चित्र पुण्यात तेच तालुक्याच्या गावात, त्याच दिवशी, एकही ओरखडा नसलेले! तंबूवाल्यांचीही जुनी मशीने गेली आणि लॅपटॉप आले. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली कान येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. गंजत चाललेले मशीन आणि त्यावर जीव लावणारी माणसे त्यात दिसतात. यंत्र बदलते तेव्हा कुणाचा तरी रोजगार जातो, हेही विसरून चालणार नाही.

गोऱ्या बाईचे कार्ड

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. रंगीत फिल्म बनवणारी कोडॅक ही अमेरिकेतली बलाढ्य कंपनी. फोटो धुण्याच्या दुकानात रंग बरोबर आला की नाही हे तपासायला ती एक नमुन्याचे कार्ड देई. १९५० च्या दशकापासून ही कार्डे चालू होती. त्या कार्डावर एका गोऱ्या बाईचे छायाचित्र असे. कार्डावर झळकलेल्या पहिल्या बाईच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. त्या बाईची कातडी नीट दिसली की यंत्र बरोबर लागले, असे समजायचे. जगभरातल्या दुकानांतून हाच नियम.

परिणाम काय झाला? गोरे आणि काळे विद्यार्थी एकाच फोटोत बसले तर गोऱ्यांचे चेहरे छान येत आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसत. काळ्या आयांनी याच्या तक्रारी केल्या, पण कंपनी जागची हलली नाही. ती हलली ते चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी तक्रार केल्यावर. आमच्या जाहिरातीत चॉकलेटच्या गडद-फिक्या छटा दिसत नाहीत, सागवान आणि शिसवीत फरक कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माणसाच्या चेहऱ्यासाठी जे झाले नाही ते चॉकलेटसाठी झाले! मग फिल्म सुधारली, आणि नमुन्याच्या कार्डावर गोऱ्या, काळ्या आणि आशियाई अशा तिघी जणी एकत्र यायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

यात कुणी रोज सकाळी उठून काळ्यांचा द्वेष करत होता असे नाही. ज्याच्या हाती मोजपट्टी होती त्याने स्वतःच्या मापाने जग मोजले, एवढेच. पण बाबासाहेबांच्या अनुयायांना हे समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्याच्या मापाने मोजले जाणे म्हणजे काय, हे आपल्या चार पिढ्यांना ठाऊक आहे.

रंग आता संगणकावर ठरतो

आजचा चित्रपट कसा तयार होतो ते थोडक्यात पाहू. कॅमेऱ्यात आता फिल्म नसते. तिथे एक चकती असते, प्रकाशाचे आकड्यांत रूपांतर करणारी. ती जे टिपते ते चित्र मुद्दाम फिके, राखाडी ठेवलेले असते, पाण्यात बुडवून काढलेल्या कापडासारखे. कारण असे फिके चित्र असले की त्यात उजेडाचे आणि सावलीचे बारकावे जास्तीत जास्त शिल्लक राहतात. नंतर संकलन होते, आणि मग चित्र जाते रंगजुळणीला. या धंद्यात तिला 'डीआय' किंवा 'ग्रेडिंग' म्हणतात आणि ते करणाऱ्याला 'कलरिस्ट'. रंगाऱ्याचेच हे काम म्हणा ना. तो अंधाऱ्या खोलीत पडद्यापुढे बसतो, एकेक दृश्य घेतो, आणि आकाश, झाडे, कपडे, कातडी या प्रत्येकाला वेगळे निवडून हवा तो रंग देतो.

२००० साली अमेरिकेत कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा चित्रपट आला. चित्रण केले होते रॉजर डीकिन्स यांनी. गोष्ट १९३० च्या दशकातली, धुळीने माखलेली हवी होती. पण चित्रण झाले ते मिसिसिपीत, ऐन उन्हाळ्यात, जेव्हा तिथे सगळीकडे हिरवेगार असते. मग सबंध चित्रपट संगणकात घेतला आणि झाडांचा, गवताचा हिरवा रंग काढून तिथे वाळल्या कडब्याचा पिवळा भरला. अख्खा चित्रपट असा संगणकावर रंगवण्याची ही सुरुवातीची मोठी घटना. तेव्हापासून हंगामसुद्धा कलरिस्टच्या हातात गेला.

या सोयीबरोबर एक आळसही आला. तयार रंगांचे साचे मिळू लागले. बटण दाबले की सावल्या निळसर-हिरव्या आणि चेहरे नारिंगी. ज्याला त्याला हाच साचा आवडला, म्हणून कुठलाही मारधाडीचा चित्रपट घ्या, रंग तेच. हा साचा गोऱ्या-गव्हाळ चेहऱ्याला बेताचा शोभतो. खऱ्या सावळ्या चेहऱ्यावर तो टाकला की माणूस भाजलेल्या विटेसारखा दिसतो. मग कलरिस्ट म्हणतो, चेहरा जरा उजळवा. साचा बदलत नाही, चेहरा बदलतो.

दुष्काळाचा पिवळा रंग

जे चेहऱ्याचे तेच मुलखाचे. अमेरिकेतल्याच 'ट्रॅफिक' या २००० सालच्या चित्रपटात मेक्सिको देश दाखवताना सगळा पडदा पिवळा केलेला होता आणि श्रीमंत अमेरिका निळी, थंड. पुढे ती रूढीच पडली. गरीब, उष्ण देश म्हटला की पिवळा रंग! मेक्सिकोचे लोक आजही या गोष्टीची थट्टा करतात आणि रागही धरतात.

आपल्या मराठवाड्याचे याहून वेगळे काय झाले आहे? बीड म्हटले की बातमीत भेगाळलेली जमीन, पालथी घागर आणि कपाळावर हात ठेवून आकाशाकडे बघणारा म्हातारा. रंग पिवळा, धुळकट. दुष्काळ खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची साले या जिल्ह्याने अंगावर काढली आहेत. पण भाद्रपदात बालाघाटच्या डोंगरावर या. सीताफळांनी डोंगर कसा गच्च हिरवा असतो ते पाहा. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही भेगाळलेल्या जमिनीला मिळाले नव्हते. पाटोद्याकडे सौताड्याचा धबधबा आहे, नायगावला मोर आहेत. काळ्या रानात कापूस फुटतो तेव्हा सगळे शिवार चांदणे पडल्यासारखे दिसते. हे रंग पडद्यावर कधी येतात?

मुलूख सतत पिवळाच दाखवला की पाहणाऱ्याला वाटते, इथे दुष्काळ म्हणजे निसर्गाचीच इच्छा. मग पाणी कुणी अडवले, कुणाकडे वळवले, मुकादमाची उचल का घ्यावी लागते, कोयता घेऊन दिवाळीनंतर घर का सोडावे लागते, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. रंग असा राजकारण करतो, आणि तेही एक शब्द न बोलता.

आपल्या मातीतले चेहरे

हीच पद्धत प्रामाणिक माणसाच्या हाती आली तर काय होते, याची उदाहरणेही आहेत आणि ती आपल्या शेजारचीच आहेत. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. आपल्या आष्टीपासून तो मुलूख फार लांब नाही. माती तीच, ऊन तेच. त्यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. छायाचित्रण विक्रम अमलादी यांचे. त्यातला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, उन्हात वाढलेल्या पोरासारखाच दिसतो. त्याच्या बापाची, किशोर कदमांनी उभ्या केलेल्या कचरूची, कातडी घामाने चमकते आणि ती चमक कुणी पुसलेली नाही. डुक्कर काठीला टांगून ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे असतात. ते दृश्य आपल्यापैकी कुणी विसरला असेल असे वाटत नाही. भिंतीवरची चित्रे चकचकीत आणि माणसे फिकी, किंवा माणसे गुळगुळीत आणि भिंत पुसट, असे काही झाले असते तर त्या दृश्याचा जीव गेला असता. दोन्ही एकाच उन्हात, एकाच खऱ्या रंगात दिसतात, म्हणून ते काळजाला भिडते.

'सैराट'चे छायाचित्रण सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे. त्यात रंगाचा दुसरा उपयोग आहे. पहिल्या भागात विहीर, केळीच्या बागा, संथ केलेली धाव, सगळे कसे स्वप्नासारखे लखलखीत. मोठ्या हिंदी चित्रपटात श्रीमंतांच्या प्रेमाला जो थाट मिळतो तोच थाट गावातल्या पोरा-पोरीच्या प्रेमाला दिला. आणि परक्या शहरात गेल्यावर तो थाट उतरतो, रंग रोजच्या जगण्याचे होतात. शेवटी तर आवाजही उरत नाही. शंभर कोटींहून अधिक कमाई करणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. गोऱ्या चेहऱ्याशिवाय चित्रपट चालत नाही म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते?

उलट बाजूही पाहा. २०१९ साली 'बाला' या हिंदी चित्रपटात रंगाने काळ्या म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलीची गोष्ट होती. ती भूमिका दिली भूमी पेडणेकर या नटीला आणि तिचा चेहरा रंग लावून काळा केला. गोष्ट काळ्या मुलीची, संधी मात्र काळ्या मुलीला नाही!

साता समुद्रापलीकडच्या आपल्या भावंडांनीही हीच लढाई लढली. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून इथे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, हे नाते जुने आहे. बॅरी जेन्किन्स या काळ्या दिग्दर्शकाने २०१६ साली 'मूनलाइट' केला. एका गरीब काळ्या मुलाचे बालपण, किशोरवय आणि तारुण्य अशी तीन भागांची ही कथा. छायाचित्रकार जेम्स लॅक्स्टन आणि कलरिस्ट ॲलेक्स बिकेल यांनी तिन्ही भागांना वेगवेगळ्या फिल्मची आठवण देणारा रंग संगणकावर दिला. नटांच्या तोंडावर पावडर थापली नाही, उलट घामाची, तेलाची चमक राखली. काळ्या कातडीवर निळा, जांभळा, सोनेरी प्रकाश कसा खेळतो हे जगाने पाहिले आणि २०१७ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. यंत्रे तीच होती, जी इतरांना उपलब्ध होती. पाहणारा डोळा वेगळा होता.

लहान कॅमेऱ्याची ताकद

नव्या पद्धतीने आणखी एक गोष्ट केली. फिल्मचा चारशे फुटांचा डबा साडेचार मिनिटांत संपे आणि प्रत्येक मिनिटाला पैसे लागत. म्हणून रात्रीची वस्ती, पहाटेचा उसाचा फड, कोपीतला मिणमिणता दिवा यांचे चित्रण करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. जनरेटर आणा, दिवे आणा, माणसे आणा! व्हिडिओ आला आणि एका माणसाला एका कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षे काम करता येऊ लागले.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचे प्राण गेले. त्या दुःखाने लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांना आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात गाताना चित्रित केले होते. पटवर्धन पुन्हा कॅमेरा घेऊन निघाले आणि चौदा वर्षे चित्रण करत राहिले. २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला आणि वस्त्या-वस्त्यांतून दाखवला गेला. रिळावर असे चौदा वर्षांचे काम कुणाला परवडले असते? त्यात वेगवेगळ्या काळातली चित्रे वेगवेगळ्या पोताची दिसतात, काही दाणेदार, काही स्वच्छ. आम्हाला तो दोष वाटत नाही. घरातल्या जुन्या-नव्या गोधडीसारखे ते आहे, प्रत्येक तुकड्याला त्याचे साल माहीत.

आज ऊसतोडीच्या टोळीतला पोरगा फडातूनच मोबाइलवर चित्रण करतो. बाहेरच्या माणसाने येऊन आपले चित्र काढावे याची वाट पाहायचे दिवस सरले. प्रश्न उरतो तो मोबाइलमध्ये बसलेल्या शर्लीचा.

पांढरी साडी, निळा ध्वज

होय, ती बाई अजून गेलेली नाही. पुष्कळ मोबाइलमध्ये चेहरा आपोआप उजळवणारी, नाक-हनुवटी घासून काढणारी सोय आधीच चालू असते. २०२० साली 'फेअर अँड लव्हली' या क्रीमचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' करावे लागले. डबीवरचा शब्द गेला, तो मोबाइलमध्ये शिरला. २०२१ मध्ये गुगल कंपनीने काळ्या-सावळ्या त्वचेचा रंग खरा यावा म्हणून आपल्या फोनमध्ये 'रिअल टोन' नावाची सुधारणा आणली. म्हणजे कंपन्यांनाही चूक कळली आहे. तेव्हा आपण मुकाट का बसावे?

आपल्या समारंभांत एक खास अडचण असते, ती बऱ्याच शुटिंगवाल्यांनाही ठाऊक नसते. मंगल परिणयाला नवरा-नवरी पांढऱ्या वस्त्रात असतात, मागचा पडदाही पुष्कळदा पांढरा. कॅमेरा आपोआप उजेड मोजतो. इतके पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो सगळे चित्र गडद करतो. साडी पांढरी राहते आणि सावळा चेहरा काळवंडतो. मग संगणकावर चेहरा पांढरा करण्याचा उद्योग सुरू होतो. म्हणजे आधी चुकीने काळा आणि मग चुकीने गोरा. खरा चेहरा दोन्ही वेळा हुकला.

तसेच भीमजयंतीच्या रात्रीचे. मिरवणुकीत निळे एलईडी दिवे लखलखतात. डोळ्यांना ते फार सुंदर दिसते, पण कॅमेऱ्याला एवढा निळा सोसत नाही. ध्वजाचा निळा, दिव्याचा निळा आणि आकाशाचा निळा एकमेकांत मिसळतात आणि नाचणाऱ्या पोरांचे चेहरे जांभळे डाग होऊन जातात.

यावर काही सोपे उपाय आहेत. ते कात्रण करून ठेवावेत.

मोबाइलवर चित्रण करताना पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवावे, म्हणजे कॅमेरा उजेड चेहऱ्यावरून मोजतो. बोट थोडा वेळ दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये ते माप पक्के होते आणि सारखे बदलत नाही.

'ब्युटी' नावाची सोय शोधून बंद करावी.

नवरा-नवरीच्या मागे पांढऱ्याऐवजी निळा किंवा करडा पडदा लावावा आणि चेहऱ्यावर एका बाजूने मऊ उजेड पडेल असे पाहावे. मागून दिवा आणि पुढे अंधार, असे नको.

पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब आणि रंगीत एलईडी एकत्र लावू नयेत. मांडवात एकाच जातीचा उजेड ठेवावा. (जात फक्त दिव्यांचीच राहू द्या, आणि तीही एकच!)

जयंतीच्या मंचावर निळे दिवे जरूर असावेत, पण वक्त्याच्या आणि गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक साधा पांढरा दिवा असावा.

शुटिंगवाल्याला विसार देतानाच सांगावे की चेहरा उजळवायचा नाही. आणि मूळ चित्रण जसेच्या तसे मागून घ्यावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चित्रातले अंधारातले बारकावे पुसले जातात, म्हणून त्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट. अलीकडे बाबासाहेबांच्या, माता रमाईच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत संगणकाकडून रंग भरून घेण्याची हौस आली आहे. भावना चांगली आहे. पण कृष्णधवल फिल्ममध्ये रंगाची नोंदच नसते. संगणक फक्त अंदाज करतो, आणि तो अंदाज त्याने पाहिलेल्या लाखो चित्रांवरून करतो. रमाईचे काबाडकष्टाने झिजलेले, सावळे रूप त्या अंदाजात गुलाबी-गोरे झाले तर? पुढची पिढी तेच खरे मानेल. रंग भरलेच तर खाली तसे लिहावे, आणि मूळ छायाचित्र शेजारी ठेवावे. बुद्धाच्या वाटेने चालणाऱ्यांनी अंदाजाला सत्य म्हणू नये.

खुर्चीवर आपला माणूस

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. आपली मुले पोलीस भरती, शिक्षक, तलाठी यांच्या परीक्षांसाठी रात्री जागवतात. त्याचे कौतुकच आहे. पण चित्रपटाचे संकलन, ध्वनी, रंगजुळणी हीही पोटापाण्याची कामे आहेत, हे घराघरांत सांगितले पाहिजे. १९६० साली सुरू झालेली पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही सरकारी संस्था आहे. तिथे छायाचित्रणाचे, संकलनाचे शिक्षण मिळते आणि अनुसूचित जातींसाठी राखीव जागा असतात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, पत्रकारितेचा आहे. आणि ज्याला घर सोडता येत नाही त्यालाही वाट आहे. मोठमोठ्या चित्रपटांची रंगजुळणी ज्या 'दाविंची रिझॉल्व्ह' या प्रणालीवर होते, तिची एक आवृत्ती फुकट मिळते. बऱ्यापैकी संगणक आणि चिकाटी एवढे मात्र हवे.

शिकणाऱ्याने पहिला धडा घरीच घ्यावा. आईचा चेहरा सकाळच्या उन्हात, दुपारच्या सावलीत आणि संध्याकाळी चुलीच्या उजेडात चित्रित करावा. मग संगणकावर तो तसाच दिसेल असा रंग लावावा. गोरा नाही, काळा नाही, जसा आहे तसा. एकाच पडद्यावर विश्वास ठेवू नये. दोन-तीन ठिकाणी लावून पाहावे, कारण स्वस्त पडदा खोटे बोलतो. आणि शेवटी आईलाच विचारावे, "ही तूच आहेस ना?" तिने मान डोलावली की पहिल्या परीक्षेत पास.

नमुन्याचे कार्ड कुणी तरी बनवतच असतो. इतकी वर्षे ते दुसऱ्यांनी बनवले. येत्या काळात उसाच्या फडातली, वीटभट्टीवरची, बालाघाटच्या उन्हात रापलेली एखादी बाई त्या कार्डावर यावी आणि तिची कातडी नीट दिसली की यंत्र बरोबर लागले असे आपल्या पोरांनी ठरवावे. हे काम कुठल्या मोठ्या कंपनीच्या हुकमाने होणार नाही. ते आपल्याच घरातल्या, आपल्याच संगणकापुढच्या खुर्चीवरून होईल. घरात असा एखादा धडपड्या मुलगा, एखादी हुशार मुलगी असेल तर तिला त्या खुर्चीवर बसू द्या. या शिबिरात, त्या परीक्षेत तिचा वेळ जातो तसा थोडा इकडेही जाऊ द्या.